आपत्ती येण्यापूर्वीचा पंचनामा

राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी आणि ग्रामपंचायतींची जबाबदारी

पूर ओसरला, वादळ निघून गेले किंवा गारपीट थांबली की महसूल, ग्रामपंचायत आणि कृषी खात्यांचे कर्मचारी गावात पोहोचतात. पडलेली घरे, दगावलेली जनावरे, खरवडून गेलेली जमीन यांचा पंचनामा होतो. पंचांच्या सह्या होतात. तहसील कार्यालयातून अहवाल वर जातो आणि ठरलेल्या निकषांनुसार मदतीची रक्कम बाधितांच्या नावे जमा होते. ही कार्यपद्धती महाराष्ट्राच्या ग्रामीण प्रशासनाच्या अंगवळणी पडलेली आहे. तिच्यात त्रुटी राहत असतील, विलंबही होत असेल. परंतु आपत्तीनंतर शासनाकडे काय मागावयाचे आणि कोणत्या कागदावर मागावयाचे, हे प्रत्येक सरपंचाला ठाऊक असते.

घर पडण्यापूर्वी, दरड सुटण्यापूर्वी, वीज कोसळण्यापूर्वी त्याच गावाचा पंचनामा करावयाचा आणि धोका कमी करण्याच्या कामासाठी शासकीय अनुदान मागावयाचे, ही कल्पना मात्र तितकीशी रुळलेली नाही. वास्तविक अशा कामांसाठी कायद्याने स्वतंत्र निधीची तरतूद केलेली आहे. या निधीचे स्वरूप काय, तो कशासाठी वापरता येतो, कशासाठी येत नाही आणि तो गावापर्यंत पोहोचण्यासाठी गावाने स्वतः काय करावयास हवे, याची माहिती अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे.

कायद्यातील तरतूद

नैसर्गिक आपत्तीच्या खर्चाची व्यवस्था हा वित्त आयोगांच्या विचाराचा जुना विषय आहे. नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार १९९० पासून प्रत्येक राज्यासाठी आपत्ती मदत निधी सुरू झाला. त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असे प्रमाण ठरले. या निधीचे नावच त्याचा हेतू सांगते. तो मदतीचा निधी होता. संकट येऊन गेल्यावर उपयोगी पडणारा होता.

देशाने २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन अधिनियम संमत केला. त्यापूर्वी ३० सप्टेंबर १९९३ चा लातूर-उस्मानाबादचा भूकंप, १९९९ चे ओडिशाचे चक्रीवादळ, २६ जानेवारी २००१ चा गुजरातचा भूकंप आणि २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी हे सारे देशाने सोसले होते. कायदा झाला त्याच वर्षी २६ जुलै रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. केवळ मदत वाटून भागणार नाही, ही जाणीव या अधिनियमात स्पष्ट उमटलेली दिसते. राष्ट्रीय पातळीवर आपत्ती प्रतिसादासाठी एक आणि आपत्तीची तीव्रता अगोदरच कमी करण्यासाठी दुसरा, असे दोन निधी कलम ४६ आणि ४७ मध्ये सांगितले आहेत. राज्य आणि जिल्हा पातळीवर असेच दोन-दोन निधी स्थापन करण्याची तरतूद कलम ४८ मध्ये आहे. यांपैकी दुसऱ्या प्रकारच्या निधीला शासकीय परिभाषेत सौम्यीकरण निधी म्हणतात. सौम्यीकरण म्हणजे आपत्तीचा धोका, तिचा आघात किंवा तिचे परिणाम कमी करण्यासाठी योजलेले उपाय. पाऊस थांबविता येत नाही, भूकंप टाळता येत नाही; परंतु त्यांच्या वाटेत कोण आणि काय उभे असावे, हे बऱ्याच अंशी माणसाच्या हाती असते. सौम्यीकरणाचा सारा अर्थ एवढाच आहे.

तरतूद झाली तरी या दुसऱ्या निधीत प्रत्यक्ष पैसा येण्यास सुमारे पंधरा वर्षे लागली. श्री. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालील पंधराव्या वित्त आयोगाने ही उणीव दूर केली.

शंभर रुपयांची विभागणी

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सर्व राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापनाकरिता मिळून १,६०,१५३ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यात केंद्राचा वाटा १,२२,६०१ कोटी आणि राज्यांचा ३७,५५२ कोटी रुपये होता. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी केंद्राचा वाटा ९० टक्के आणि महाराष्ट्रासह इतर राज्यांसाठी ७५ टक्के ठेवण्यात आला.

या रकमेची विभागणी समजण्यास सोपी आहे. एकूण निधी शंभर रुपये मानला, तर त्यातील ८० रुपये प्रतिसाद निधीचे आणि २० रुपये सौम्यीकरण निधीचे. प्रतिसाद निधीच्या ८० रुपयांतही तीन कप्पे आहेत. तातडीची मदत व बचावकार्य यांसाठी ४० रुपये, पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणी यांसाठी ३० रुपये आणि पूर्वतयारी व क्षमतावाढ यांसाठी १० रुपये. म्हणजेच शंभरातले ३० रुपये आपत्ती येण्यापूर्वी खर्च करावयाचे आहेत. २० रुपये धोका कमी करण्यासाठी आणि १० रुपये सज्जतेसाठी. पाच वर्षांच्या हिशेबाने राज्यांच्या सौम्यीकरण निधीचा वाटा सुमारे ३२,०३१ कोटी रुपये झाला. राष्ट्रीय सौम्यीकरण निधीसाठी १३,६९३ कोटी रुपयांची शिफारस याशिवाय होती. राष्ट्रीय पातळीवरील रकमेतून काही विशिष्ट विषयांसाठीही वाटा सुचविण्यात आला. शहरी पुराचा धोका कमी करण्याकरिता मुंबईला ५०० कोटी व पुण्याला २५० कोटी रुपये ही त्याचीच उदाहरणे होत.

२०२६ च्या एप्रिलपासून पुढच्या पाच वर्षांचा विचार सोळाव्या वित्त आयोगाकडे सोपविण्यात आला होता. रकमा आणि प्रमाण प्रत्येक आयोगागणिक बदलू शकतात. परंतु आपत्तीपूर्वीच्या खर्चाचा कप्पा वेगळा ठेवावयाचा, हे तत्त्व आता देशाच्या वित्तव्यवस्थेत दाखल झाले आहे.

मदत निकषाने, सौम्यीकरण प्रस्तावाने

या दोन निधींमधील सर्वांत मोठा फरक रकमेचा नसून ती मिळण्याच्या रीतीचा आहे. तो नीट ध्यानात घेतला नाही, तर निधी असूनही गावाला त्याचा उपयोग होणार नाही.

प्रतिसाद निधीतील मदत निकषांनी बांधलेली असते. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांत आपत्तीत मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या वारसांना ४ लाख रुपयांच्या मदतीची तरतूद होती. पडलेले घर, दगावलेले दुभते जनावर, नष्ट झालेले पीक यांचेही दर ठरलेले असतात. घटना घडली आणि पंचनामा झाला की दर लागू होतो. घटना स्वतःच मागणी करते.

सौम्यीकरणाचे तसे नसते. जी आपत्ती अद्याप आलेलीच नाही, तिच्यासाठी कोणताही दर आपोआप लागू होत नाही. धोका कोठे आहे, तो किती कुटुंबांना आहे, त्यावर उपाय कोणता आणि त्यास खर्च किती, हे कोणीतरी अगोदर लिहून द्यावे लागते. तांत्रिक छाननीतून पार पडल्यावर मंजुरी मिळते. म्हणजेच मदत निकषाने मिळते आणि सौम्यीकरणाचा पैसा प्रस्तावाने मिळतो. ज्या गावाने आपला धोका कागदावर मांडलेला नाही, त्या गावापर्यंत या निधीची वाट पोहोचत नाही. कदाचित त्याच गावाला त्याची सर्वांत अधिक गरज असते.

यादीबाहेरची वाडी

धोका लिहून ठेवण्यास किती महत्त्व आहे, हे सह्याद्रीच्या कुशीतील अलीकडच्या घटनांनी दाखवून दिले आहे.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. बसच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही आणि त्याच्याकडून ही वार्ता बाहेर गेली. पुढे आमडे येथे नवे गाव वसविण्यात आले आणि एप्रिल २०१७ मध्ये तेथील घरे ग्रामस्थांच्या ताब्यात देण्यात आली. २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्याच्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीच्यावर माणसे गेली.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्याच्याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या आदिवासी वाडीवर दरड आली. वाडीला मोटाररस्ता नव्हता. बचाव पथकांना पावसात, चिखलात चढून जावे लागले आणि अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसांचा शोध लागू शकला नाही. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचा समावेश नव्हता, असे त्यानंतर शासनातर्फे सांगण्यात आले.

हे विधान प्रत्येक ग्रामपंचायतीने लक्षपूर्वक वाचावे असे आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि राज्याची भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा यांच्या तज्ज्ञांनी केलेली पाहणी मोलाची असते. परंतु प्रत्येक वाडीच्या माथ्यावरचा प्रत्येक उतार दरवर्षी पाहणे कोणत्याही खात्याला शक्य नाही. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ काढणे घातक ठरते. वरून येणारी यादी आणि खालून जाणारी नोंद या दोन्ही मिळाल्या, तरच चित्र पुरे होते.

खालून जाणारी नोंद करण्यासाठी भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. जमिनीला नवी भेग पडणे आणि ती पावसागणिक रुंदावणे, झाडे किंवा विजेचे खांब एका बाजूस झुकणे, घराच्या भिंतींना तडे जाऊन दारे-खिडक्या अडकू लागणे, नसलेल्या जागी झरा फुटणे किंवा नितळ झऱ्याला अचानक गढूळ पाणी येणे, उतारावरून दगडगोटे सुटू लागणे ही जमीन सरकू लागल्याची लक्षणे होत. रानात रोज जाणाऱ्या गुराख्याला आणि पाणी भरणाऱ्या स्त्रियांना ती सर्वांआधी दिसतात. ती दिसतात, पण बहुधा लिहिली जात नाहीत.

कोणती कामे या निधीत बसतात

सौम्यीकरण निधीच्या वापरासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये राज्यांना मार्गदर्शक तत्त्वे दिली. वित्त आयोगाने घालून दिलेली मर्यादा त्यात कायम आहे. स्थानिक पातळीवरील आणि लोकसमूहाच्या सहभागाने होणारी, धोका कमी करणारी आणि पर्यावरणाला धरून असणारी कामे या निधीतून व्हावीत. सागरी भिंती, मोठे पूरतट बांध किंवा व्यापक दुष्काळनिवारण यांसारखी मोठी कामे नियमित विकास योजनांतून करावीत. सौम्यीकरण निधीतून नव्हेत.

ही मर्यादा गावाच्या दृष्टीने अडचणीची नसून सोयीची आहे. मोठ्या कामांना वेगळे मार्ग उपलब्ध असतात. उदाहरणार्थ, किनारपट्टीवरील मोठ्या कामांसाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम सौम्यीकरण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. लहान कामांचा पैसा मोठ्या कामांनी गिळू नये, याची काळजी या मर्यादेत घेतलेली आहे.

राष्ट्रीय निकषांत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, भूस्खलन, हिमस्खलन, ढगफुटी, कीडहल्ला आणि दंव व थंडीची लाट या बारा आपत्तींचा समावेश होता. महाराष्ट्र शासनाने वीज कोसळणे, अवेळी पाऊस यांसारख्या आपत्तीही राज्यापुरत्या अधिसूचित केल्या आहेत. या आपत्तींच्या संदर्भात गावपातळीवर विचारात घेण्याजोगी कामे अनेक आहेत. दरडीच्या उतारावरील पाणी बाजूस काढणे, तारेच्या जाळीतील दगडी बांध घालणे, खोल मुळांच्या वनस्पतींची लागवड करणे, नाल्याचा अडलेला प्रवाह मोकळा करणे, निवाऱ्याच्या इमारतीची बळकटी करणे, पर्जन्यमापक व सूचना यंत्रणा बसविणे ही त्यांपैकी काही होत. यांतील प्रत्येक काम ज्या ठिकाणी करावयाचे, त्या ठिकाणच्या धोक्याशी त्याचा संबंध प्रस्तावात दाखविता आला पाहिजे. सभामंडप, पेव्हर ब्लॉक किंवा नेहमीची गटारे यांना आपत्तीचे नाव देऊन पाठविलेले प्रस्ताव छाननीत टिकू नयेत, हेच योग्य होय.

पूर्वतयारीचा दहा टक्क्यांचा कप्पा वेगळा आहे, याचेही भान ठेवावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना सुरक्षित स्थळी नेणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. नाव, तिची क्षमता, प्राणरक्षक जाकिटे आणि ती चालविणाऱ्यांचे प्रशिक्षण या सज्जतेच्या बाबी आहेत. मागणी योग्य कप्प्यातून केली, तर ती लवकर मार्गी लागते.

संरक्षक भिंतीचा मोह

गावाच्या मागणीपत्रात संरक्षक भिंत हमखास असते. भिंत डोळ्यांना दिसते, तिच्यावर नामफलक लावता येतो आणि काम झाल्याचे समाधान लाभते. काही ठिकाणी ती आवश्यकही असते. परंतु दरडीच्या बाबतीत खरा शत्रू बहुधा पाणी असते, हे विसरून चालत नाही. मुरलेल्या पाण्याने मातीचे वजन वाढते, कणांमधील पकड सुटते आणि उतार खाली येतो. भिंतीतून पाणी निघून जाण्यासाठी पुरेशी छिद्रे ठेवली नाहीत, तर तिच्यामागे पाणी साचून दाब वाढतो आणि आधार देण्यासाठी उभी केलेली भिंतच मातीबरोबर खाली येते. उताराच्या माथ्यावर आडवा निचरा काढून पावसाचे पाणी वस्तीच्या बाजूने वळविणे हे काम दिसण्यात साधे आणि खर्चात थोडे असते. पण पुष्कळदा तेच अधिक उपयुक्त ठरते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पाणलोट विकासाच्या चळवळीने महाराष्ट्रातील गावांना डोंगरउतारावर चर खणून पाणी मुरविण्याची शिकवण दिली. कमी पावसाच्या प्रदेशात ती वरदान ठरली. परंतु अतिपावसाच्या प्रदेशात वस्तीच्या डोक्यावरील ठिसूळ उतारावर पाणी मुरविणे म्हणजे त्या उताराचे ओझे वाढविणे होय. तेथे पाणी अडविण्याऐवजी वाहते ठेवावे लागते. एकच चर एका तालुक्यात गाव वाचवितो आणि दुसऱ्या तालुक्यात धोका वाढवितो. म्हणूनच तांत्रिक पाहणीची अट ही प्रशासकीय अडवणूक नव्हे. ती कामाचा गाभा आहे.

पुराच्या बाबतीतही असेच आहे. एका गावाने नाल्याच्या काठावर भराव घातला, तर पाणी समोरच्या किंवा खालच्या गावात शिरते. पाटबंधारे यंत्रणेने आखलेल्या पूररेषा येथे मार्गदर्शक असतात. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखविते, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषा दाखविते. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम होऊ न देणे या उपायास एक रुपयाही लागत नाही. तरी तो कोणत्याही भिंतीइतकाच मोलाचा आहे.

विजेच्या आपत्तीत प्रश्न वेगळा असतो. वीजरोधक यंत्रणा तिच्या भोवतीच्या मर्यादित क्षेत्राला संरक्षण देते. दूरच्या शिवारात पावसापासून बचावण्यासाठी झाडाखाली उभ्या राहिलेल्या मजुराला ती वाचवू शकत नाही. त्याच्यापर्यंत सूचना वेळेवर जाणे आणि जवळपास पक्का निवारा असणे हाच त्याचा बचाव असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल उपयोजन परिसरातील विजेची सूचना देते. ते सरपंचाच्या फोनवर असून पुरत नाही. सूचना शिवारात कोणी व कशी पोहोचवावयाची, हे आधी ठरलेले असावे लागते.

किल्लारीचा धडा

पैसा आणि समज या दोन्ही बरोबर लागतात, याचा पाठ मराठवाड्याने फार पूर्वी दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी परिसर हादरला तेव्हा हजारो माणसे घरांतच गाडली गेली. भूकंपाची तीव्रता जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होती. परंतु मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचे जड छत यांनी प्राणहानी वाढविली.

त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. परंतु याच कार्यक्रमाचा दुसरा भाग आजच्या विषयाला अधिक जवळचा आहे. ज्या गावांतील घरे पडली नाहीत, पण कमजोर झाली किंवा होती, तेथील कुटुंबांना घराच्या दुरुस्ती व बळकटीकरणासाठी अनुदान देण्यात आले. माळवदावरील मातीचा भार कमी करणे, भिंतीच्या दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड बसविणे, लाकडी खांब आणि तुळया यांच्या सांध्यांना तिरके आधार देणे, असे हे उपाय होते. अनुदान टप्प्याटप्प्याने देण्यात येई. योजनेची माहिती घरोघर नेण्यासाठी गावातील स्त्रियांची संवाद सहायक म्हणून मदत घेण्यात आली.

अनेक कुटुंबांनी जुने घर बळकट करण्याऐवजी त्या रकमेतून नवी खोली बांधणे पसंत केले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. जुन्या दगडी घरावरचा विश्वास उडालेला होता आणि न दिसणाऱ्या बळकटीपेक्षा दिसणारी खोली माणसाला अधिक पटते. परंतु बळकटी न केलेले जुने घर तसेच राहिले आणि त्यात माणसे राहत गेली, तर धोकाही तेथेच राहतो. लाभार्थ्याला उपायाचे कारण पटलेले नसेल, तर अनुदान खर्च होते आणि जोखीम कमी होत नाही, हा त्याचा निष्कर्ष आहे.

ग्रामपंचायतीने काय करावे

कायद्याने या कामात लोकप्रतिनिधींना दुय्यम स्थान दिलेले नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि स्थानिक प्राधिकरणाचा निर्वाचित प्रतिनिधी, म्हणजे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, सहअध्यक्ष असतो. जिल्ह्यातील कोणता भाग कोणत्या आपत्तीला प्रवण आहे आणि तेथे कोणते प्रतिबंधक उपाय योजावयाचे, याचा समावेश जिल्हा आराखड्यात करणे कायद्याने आवश्यक केले आहे. गावाची नोंद या आराखड्यात जावी, हे पहिले उद्दिष्ट असले पाहिजे.

यासाठी वर्षाचे वेळापत्रक उपयोगी पडेल. पावसाळा संपताच, खुणा ताज्या असताना, शिवारफेरी काढावी. तीत वयोवृद्ध, गुराखी, स्त्रिया, शेतमजूर आणि वाड्यावस्त्यांचे प्रतिनिधी असावेत. पाणी कोठपर्यंत आले, कोठे भेग पडली, कोणती वाट बंद झाली, कोणत्या घरांत अपंग, वृद्ध किंवा एकटी राहणारी माणसे आहेत, हे गावनकाशावर दाखवावे. २ ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेत ही नोंद वाचून दाखवावी आणि धोक्याच्या जागांची तांत्रिक पाहणी करण्याची लेखी विनंती तहसीलदारांमार्फत जिल्हा प्राधिकरणाकडे करावी. पाहणीचा अभिप्राय आल्यावर अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्यावे आणि २६ जानेवारीच्या सुमाराच्या ग्रामसभेत ठराव करून प्रस्ताव पाठवावा. एका वर्षात मंजुरी न मिळाल्यास तोच प्रस्ताव नव्या नोंदींसह पुन्हा पाठवावा. नोंद वाया जात नाही.

प्रस्तावात पाच बाबी निःसंदिग्ध असाव्यात : धोका कोणता, तो किती कुटुंबांना, त्याचा पुरावा काय, सुचविलेल्या उपायाने तो नेमका कसा कमी होईल आणि काम झाल्यावर देखभाल कोण करील. शेवटची बाब बहुधा वगळली जाते. निचऱ्याचा चर दरवर्षी मे महिन्यात साफ केला नाही, तर दोन पावसाळ्यांत तो बुजतो आणि त्यावरील अनुदान मातीत जाते.

जेथे कोणताही बांधकामाचा उपाय पुरेसा नाही, असा तज्ज्ञांचा अभिप्राय येईल, तेथे स्थलांतराचा प्रश्न उभा राहतो. तो केवळ घरांचा प्रश्न नसतो. शेत, गोठा, रान, देवस्थान आणि मजुरीचे ठिकाण यांच्याशी तो जोडलेला असतो. म्हणूनच नवी जागा ठरविताना त्या लोकांचा विचार आधी घ्यावा लागतो. कायम पुनर्वसन होईपर्यंत अतिवृष्टीच्या दिवसांत रात्री कोणत्या इमारतीत मुक्काम करावयाचा, तेथे पाणी, प्रकाश व शौचालय आहे की नाही आणि जनावरांची सोय काय, हे ठरलेले असेल, तरच लोक घर सोडतील. गुरे मागे ठेवून निघा, हे शेतकऱ्याला सांगणे सोपे असते. त्याने ते मानणे सोपे नसते.

शिक्षकांचे साहाय्य

गावातील शाळा ही बहुधा सर्वांत मोठी सार्वजनिक इमारत असते आणि आपत्तीत तीच निवारा बनते. तिचे छत, भिंती व जागा सुरक्षित आहेत काय, हे पाहणे प्रथम आवश्यक आहे; पूररेषेतील शाळा पुराचा निवारा होऊ शकत नाही. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून विद्यार्थ्यांनी रोजच्या पावसाची नोंद ठेवली, तर भूगोलाचा पाठ होतोच, शिवाय गावाची स्वतःची पर्जन्यनोंद तयार होते. तालुक्याच्या ठिकाणी मोजलेला पाऊस आणि डोंगराच्या कुशीतील वाडीवर पडलेला पाऊस यांत मोठे अंतर असू शकते. सलग किती दिवसांच्या किती पावसानंतर झरे गढूळ झाले, याची काही वर्षांची नोंद हाताशी असेल, तर तज्ज्ञांना आणि प्रशासनालाही तिचा उपयोग होईल.

लेखी स्मृतीची गरज

प्रत्येक गावाला आपल्या संकटांची स्मृती असते. कोणत्या साली पाणी देवळाच्या पायरीला लागले, कोणत्या साली डोंगराचा तुकडा सुटला, हे जुन्या माणसांना सांगता येते. ती माणसे गेली की ही स्मृतीही जाते. नवी घरे पुन्हा त्याच जागी उभी राहतात. शासनाचा निधी तोंडी स्मृतीवर मंजूर होऊ शकत नाही. त्याला नकाशा लागतो, पाहणीचा अभिप्राय लागतो, ग्रामसभेचा ठराव लागतो.

आपत्तीनंतरच्या पंचनाम्यावर पंचांच्या सह्या होतात तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. गेलेल्या माणसाच्या वारसांना मिळणारी रक्कम कितीही असली, तरी ती माणसाची भरपाई नव्हे. आपत्तीपूर्वीच्या पंचनाम्यावर मात्र ज्यांच्या घरांची नोंद असते, त्या घरांतील माणसे स्वतः सही करू शकतात. अशी एक नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीच्या कपाटात असावी आणि दर पावसाळ्यानंतर ती उघडली जावी. सौम्यीकरण निधीचा लाभ गावापर्यंत पोहोचविण्याची खरी सुरुवात तेथूनच होते.